औषध थांबवले ते लघवीतल्या प्रथिनांमुळे. आता काय करावे?

कोथरूडहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात :

"माझी आई ६१ वर्षांची असून तिला आठ वर्षांपासून मधुमेह आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतापर्यंत पोहोचल्याचे गेल्या वर्षी कळले आणि तेव्हापासून केमोबरोबर तिला दर तीन आठवड्यांनी बेव्हॅसिझुमॅब हे औषध सलाइनमधून देतात. पाचव्या वेळेनंतर पावलांवर थोडी सूज दिसू लागली, बीपी १५६/९४ निघाले, लघवीच्या पट्टीवर प्रथिने 'दोन प्लस' आली आणि चोवीस तासांच्या लघवीत २.३ ग्रॅम प्रथिने सापडली. डॉक्टरांनी केमो दिली, पण हे औषध या वेळी दिले नाही. सिस्टर म्हणाल्या की हे औषध 'ग्रोथ फॅक्टर' रोखते. मात्र पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या तेव्हा त्याच वॉर्डात आईला 'ग्रोथ फॅक्टरचे इंजेक्शन' दिले होते. मग ग्रोथ फॅक्टर चांगला की वाईट? मावशी म्हणते, किडनी खराब होते आहे, डाळ, दूध, अंडी बंद कर आणि पुनर्नव्याचा काढा सुरू कर. आई आता मऊ भात आणि भाजी एवढ्यावरच आहे. औषध थांबल्यामुळे मूळ आजार वाढेल, अशीही भीती वाटते."

तुमच्या आईंचा डोस पुढे ढकलण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. तो घाबरून घेतलेला नाही. या औषधाच्या वापराचा ठरलेला नियमच असा आहे की पट्टीवर दोन प्लस किंवा त्याहून अधिक दिसल्यास चोवीस तासांची लघवी तपासावी, त्यात २ ग्रॅम किंवा अधिक प्रथिने आढळल्यास औषध थांबवावे, आणि प्रमाण २ ग्रॅमच्या खाली आल्यावर ते पुन्हा सुरू करण्याचा विचार करावा. आईंचा आकडा २.३ आहे, म्हणजे रेषेच्या थोडा पलीकडे. औषध कायमचे बंद करावे लागते ते 'नेफ्रॉटिक सिंड्रोम' झाल्यास, म्हणजे साधारणपणे दिवसाला साडेतीन ग्रॅमहून अधिक प्रथिने जाऊ लागली, रक्तातले अल्ब्युमिन (रक्तद्रवातले मुख्य प्रथिन) घसरले आणि अंगभर सूज आली तर. पत्रावरून तरी आई त्या टप्प्यावर दिसत नाहीत. मात्र रक्तातल्या अल्ब्युमिनचा आकडा तुम्ही कळवलेला नाही, तो फाइलमध्ये पाहून ठेवा.

आहाराबद्दलही लगेच सांगतो, कारण त्यात एकेक दिवस महत्त्वाचा आहे : डाळ, दूध आणि अंडी आजच्या जेवणापासून परत सुरू करा. लघवीत दिसणारी प्रथिने ही काल खाल्लेल्या वरणातून थेट उतरलेली नसतात. ती रक्तातली, यकृताने तयार केलेली प्रथिने असतात आणि गाळणीतून निसटलेली असतात. आईंच्या शरीरातून दिवसाला २.३ ग्रॅम प्रथिने जात आहेत आणि एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात, म्हणजे गळती अर्ध्या अंड्याचीही नाही. डाळ, दूध आणि अंडी बंद करून मात्र तुम्ही याच्या कितीतरी पट प्रथिने रोजच्या ताटातून काढून घेतलीत. केमो घेणाऱ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला किमान १ ग्रॅम, जमल्यास त्याहून थोडी अधिक प्रथिने मिळावीत असे मानले जाते. दीर्घकाळचा किडनीचा आजार बळावलेल्या काही रुग्णांना प्रथिने मोजून खायला सांगतात हे खरे आहे, आणि मावशींनी बहुधा तेच कुठेतरी ऐकले असावे, पण तो सल्ला क्रिएटिनिन (किडनी किती काम करते हे सांगणारा रक्तातला आकडा) पाहून दिला जातो आणि कर्करोगाचे उपचार चालू असताना तो सरसकट लागू होत नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. ग्रोथ फॅक्टर हे एका पदार्थाचे नाव नाही, ते आडनाव आहे. सदाशिव पेठेत जाऊन 'कुलकर्णी कुठे राहतात?' असे विचारल्यावर जे उत्तर मिळेल (आणि ज्या स्वरात मिळेल) तेच या प्रश्नालाही द्यावे लागते : कोणते कुलकर्णी? पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी छोटी प्रथिने सोडतात त्यांपैकी अनेकांना हे आडनाव मिळाले आहे, आणि प्रत्येकाचा निरोप ज्या पेशीच्या अंगावर त्याच्यासाठीचा ग्राहक रेणू असेल तिलाच ऐकू जातो. पांढऱ्या पेशी उतरल्यावर आईंना मिळालेले इंजेक्शन अस्थिमज्जेला 'न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) तयार कर' एवढे सांगणाऱ्या घटकाचे असावे. त्यानेही क्वचित किडनीला सूज येऊ शकते, पण इथे संशयाचा रोख तिकडे जात नाही. बेव्हॅसिझुमॅब ज्याला धरून ठेवते तो घटक वेगळा आहे. त्याला व्हीईजीएफ म्हणतात आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरपेशींना जगवणे, वाढवणे हे त्याचे काम.

या घटकाचा शोधच मुळी गळतीतून लागला, ही गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. १९८३ साली अमेरिकेत डोनाल्ड सेंगर आणि हॅरॉल्ड ड्वोराक यांच्या गटाला अर्बुदाच्या, म्हणजे गाठीच्या, पेशी असा एक पदार्थ सोडताना आढळल्या की ज्यामुळे रक्तवाहिन्या पाझरू लागतात, आणि म्हणून त्याला त्यांनी वाहिन्यांची पारगम्यता वाढवणारा घटक असे नाव दिले. १९८९ साली नेपोलिऑन फेरारा यांच्या गटाने रक्तवाहिन्यांची वाढ घडवणारा घटक वेगळा केला, आणि दोन्ही एकच निघाले. नव्या रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत तर गाठ वाढू शकणार नाही, हा विचार ज्यूडा फोकमन यांनी १९७१ सालीच मांडला होता. त्यावर उभे राहिलेले बेव्हॅसिझुमॅब २००४ साली आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी अमेरिकेत मंजूर झाले. साहजिकच कोणालाही वाटेल की जो घटक वाहिन्या पाझरवतो त्याला रोखल्यावर किडनीची गळती कमी व्हावी. प्रत्यक्षात ती वाढते.

असे का होते हे समजण्यासाठी किडनीची गाळणी डोळ्यांसमोर आणावी लागेल. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख केशिकागुच्छ, म्हणजे अतिबारीक रक्तवाहिन्यांचे गुंते, असतात आणि दोन्ही मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. रक्तद्रवाच्या प्रत्येक लिटरमध्ये ३५ ते ५० ग्रॅम अल्ब्युमिन असते, तरीही निरोगी माणसाच्या दिवसभराच्या लघवीत ते ३० मिलिग्रॅमही सापडत नाही. हे काम तीन थर मिळून करतात. रक्ताच्या बाजूला बारीक खिडक्या असलेल्या अस्तरपेशी असतात. मध्ये कोलॅजन, लॅमिनिन इत्यादींची विणलेली एक पातळ पडदी असते. आणि बाहेरच्या बाजूने पोडोसाइट नावाच्या पेशी केशिकेला अशा बिलगलेल्या असतात की त्यांचे बारीक पाय शेजारणीच्या पायांत, दोन्ही हातांची बोटे गुंफावीत तसे गुंफलेले असतात. त्या बोटांमधल्या फटींवर नेफ्रिन व इतर प्रथिनांची जाळी असते. नेफ्रिनचा जनुक १९९८ साली सापडला तो जन्मतःच लघवीतून प्रचंड प्रथिने गमावणाऱ्या बाळांच्या अभ्यासातून, आणि ती बाळे प्रामुख्याने फिनलंडमधली होती.

गाळणी म्हटले की आपल्याला चहाची गाळणी आठवते, किंवा पर्वतीच्या जलशुद्धीकरण केंद्रातले वाळूचे थर. वाळूला जेवायला घालावे लागत नाही. किडनीची गाळणी मात्र जिवंत पेशींची असून तिच्या आतल्या थराला रोज खुराक लागतो, आणि तो खुराक म्हणजे व्हीईजीएफ. तो तयार करतात बाहेरच्या पोडोसाइट पेशी. गाळलेला द्रव आतून बाहेर वाहत असताना हा घटक त्या प्रवाहाच्या उलट दिशेने, पडदी ओलांडून अस्तरपेशींपर्यंत पोहोचतो आणि त्यांच्या खिडक्या शाबूत ठेवतो. सगळ्या थरांत मला हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते : बाहेरची पेशी आतल्या पेशीला पोसते.

खुराकाचे प्रमाण किती नेमके लागते हे २००३ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांतून दिसले. पोडोसाइटमधल्या व्हीईजीएफच्या जनुकाच्या दोन्ही प्रती काढल्या तर गाळणी धड तयारच होत नाही आणि पिल्ले जगत नाहीत. एकच प्रत काढली, म्हणजे पुरवठा घटवला, तर काही आठवड्यांत अस्तरपेशी सुजतात, खिडक्या बुजतात आणि लघवीत प्रथिने उतरू लागतात. उलट, हाच घटक गरजेपेक्षा जास्त तयार करायला लावला तर केशिकागुच्छ कोसळून जातात. २००८ साली त्याच संशोधकांच्या गटाने बेव्हॅसिझुमॅब घेतल्यानंतर किडनीला इजा झालेल्या सहा रुग्णांचे वर्णन केले आणि प्रौढ उंदरांत हा जनुक बंद केल्यावर तसेच चित्र दिसते हेही दाखवले. तेव्हा 'चांगला की वाईट' याचे उत्तर ठिकाण आणि मात्रा सांगितल्याशिवाय देता येत नाही. गाठीपाशी जो घटक नको आहे, तोच किडनीत हवा आहे, आणि शिरेतून दिलेले औषध यकृतातली गाठ आणि किडनी असा भेद करत नाही.

हाच प्रकार निसर्गतः गरोदरपणातही घडतो. काही स्त्रियांत वार (प्लासेंटा) व्हीईजीएफला पकडून ठेवणारा एक विरघळणारा ग्राहक रेणू अतिरिक्त प्रमाणात रक्तात सोडते. त्यातून बीपी चढते, लघवीत प्रथिने जातात, केशिकागुच्छांतल्या अस्तरपेशी सुजतात, आणि त्याला आपण प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतो. वार बाहेर पडल्यावर बहुतेकींची गळती आठवड्या-महिन्यांत ओसरते. औषध थांबल्यावर आईंचीही गळती कमी होईल अशी आशा आम्ही बाळगतो, तिच्यामागे असे आधार आहेत. फक्त घाई करू नका : या औषधाची रक्तातली मात्रा निम्मी व्हायलाच सुमारे वीस दिवस लागतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा लघवी तपासून 'काहीच फरक नाही' म्हणून हवालदिल होण्यात अर्थ नाही.

बीपीचा धागाही इथेच जुळतो. व्हीईजीएफच्या सांगण्यावरून अस्तरपेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि वाहिन्या सैल राहतात; निरोप थांबला की वाहिन्या आवळतात आणि बीपी चढते. चढलेले बीपी केशिकागुच्छातला दाब वाढवते आणि आधीच अशक्त झालेल्या गाळणीतून आणखी प्रथिने ढकलते. यातला दुसरा भाग आपल्या हातात आहे, म्हणून सूज किंवा लघवीचा फेस यांपेक्षा बीपीकडे अधिक लक्ष द्या. (फेस भांड्यात पडणाऱ्या धारेच्या जोरानेही येतो, त्यावरून अंदाज बांधू नका.) मनगटाचे नको, दंडावर बांधायचे यंत्र घ्या, पाच मिनिटे शांत बसल्यावर, चहाच्या आधी, दंड छातीच्या पातळीवर ठेवून सकाळ-संध्याकाळ मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. आकडे सातत्याने १४०/९०च्या वर राहिले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता कळवा.

डॉक्टर बहुधा रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या गटातली गोळी सुचवतील, कारण ती केशिकागुच्छातून बाहेर पडणारी वाहिनी सैल करून आतला दाब उतरवते, म्हणजे बीपी आणि गळती दोन्हींवर काम करते. ती सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासणे आवश्यक आहे. केमोनंतर जुलाब किंवा उलट्या सुरू झाल्या तर त्या दिवसांत ही गोळी घ्यायची की थांबवायची हे आधीच विचारून लिहून ठेवा, कारण शरीर कोरडे पडलेले असताना तीच गोळी किडनीला अडचणीत आणू शकते. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा त्या गटातली गोळी चालू असेल तर तिच्याबाबतही हाच प्रश्न विचारा.

मधुमेहाचा मुद्दा तुम्ही ओझरता लिहिला आहे, पण तो महत्त्वाचा आहे. आठ वर्षांच्या मधुमेहानेही लघवीत प्रथिने जाऊ शकतात आणि तिथे ग्रोथ फॅक्टरांचे नाटक निराळे असते. सुरुवातीच्या काळात किडनीत व्हीईजीएफ वाढलेला आढळतो. त्याच वेळी टीजीएफ-बीटा नावाचा दुसरा घटक पेशींना अधिकाधिक जाळे विणायला लावतो, मधली पडदी जाड होते, केशिकांमधली जागा भरत जाते आणि पोडोसाइट झडू लागतात. पडदी जाड झाली तर गळती कमी व्हावी असे वाटेल, परंतु जाड झालेले विणकाम सदोष असते, आणि गेलेली पोडोसाइट सहसा भरून येत नाही. मग टीजीएफ-बीटालाच का रोखू नये? मधुमेही उंदरांत त्याच्याविरुद्धचे प्रतिपिंड दिल्यावर जाळे वाढणे थांबले, किडनीचे काम टिकले, पण लघवीतले अल्ब्युमिन विशेष कमी झाले नाही. आणि माणसांवरची चाचणी फायदा दिसत नसल्याने मध्येच थांबवावी लागली, ज्याचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. मधुमेही किडनीत आज प्रत्यक्ष उपयोगी ठरलेली औषधे ही मुख्यतः दाब उतरवणारी आणि साखर लघवीवाटे बाहेर सोडणारी आहेत. ग्रोथ फॅक्टरला थेट पकडणारे औषध त्यांत नाही. बाजारात 'ग्रोथ फॅक्टर' या नावाने किडनीसाठी काही विकायला कोणी आले तर हे लक्षात असू द्या.

आईंच्या बाबतीत गळती औषधाची की मधुमेहाची, हे ठरवायला बहुतेक वेळा जुनी फाइल पुरते. बेव्हॅसिझुमॅब सुरू होण्यापूर्वीचा लघवीचा रिपोर्ट शोधा. त्यात प्रथिने नव्हती आणि पाच डोसांच्या आत ती २.३ ग्रॅमवर गेली असतील, तर मधुमेह एकटा इतक्या वेगाने चालत नाही. आधीच थोडी गळती असेल तर दोन्ही कारणे एकावर एक बसली आहेत असे समजावे. डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, कारण मधुमेहाने किडनी बिघडलेल्यांत पडद्यावरही बरेचदा खुणा दिसतात. तिथे सूज आढळलीच, तर डोळ्यात देण्याची काही इंजेक्शनेही व्हीईजीएफ रोखणारीच असतात. त्यांची मात्रा अगदी थोडी असली तरी नेत्रतज्ज्ञांना आईंचा लघवीचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय ती घेऊ नका.

चोवीस तासांची लघवी गोळा करताना बहुतेक घरांत एक चूक होते. सकाळी सहा वाजता सुरुवात करायची असेल तर सहाची लघवी टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक वेळची लॅबच्या डब्यात घ्यायची आणि दुसऱ्या दिवशीची सहाची धरायची. मध्ये एकदा जरी बाथरूममध्ये गेली तरी आकडा खोटा कमी येतो, आणि त्या खोट्या आकड्यावर औषध सुरू करणे हे न तपासण्यापेक्षा वाईट. आईंना थकव्यामुळे हे जमत नसेल तर सकाळच्या एका नमुन्यातून प्रथिने आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर काढता येते का, हे डॉक्टरांना विचारा. पट्टीच्या प्लसवर फार विसंबू नये; एप्रिल-मेच्या पुण्यात दुपारभर पाणी कमी प्यायले तर दाट लघवीत एक प्लसचे दोन प्लस होऊ शकतात.

डोस चुकल्याने कर्करोग उसळेल ही भीती स्वाभाविक आहे. मूळ केमो चालू आहे, औषधाचा अंश अजून काही आठवडे रक्तात राहणार आहे, आणि हे औषध पुन्हा सुरू करण्याचा मार्ग बंद झालेला नाही. किडनी वाचवणे आणि कर्करोगाशी लढणे या परस्परविरोधी गोष्टी आहेत असे मनात धरू नका. पुढची केमो किती मात्रेत देता येईल हे बऱ्याच अंशी किडनीवरच ठरते.

मीठ मात्र आवरा. दिवसाला सर्व मिळून एक सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत; पापड, लोणचे, फरसाण आणि बाकरवडी या काळापुरती दुसऱ्यांच्या ताटात शोभू द्या. अंग दुखले तर डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन स्वतःहून देऊ नका. त्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. काढ्याबद्दल : मावशींच्या मायेला माझा आक्षेप नाही, परंतु केमो, बीपीची गोळी आणि गळणारी गाळणी एकत्र असताना मात्रा ठाऊक नसलेले कोणतेही चूर्ण, भस्म किंवा काढा मी घेऊ देणार नाही. तो आधीच सुरू केला असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका.

तीव्र डोकेदुखी, नजर धूसर होणे, बोलण्यात गोंधळ, झटके, धाप लागणे, लघवी एकदम कमी होणे, किंवा एकाच पायाला सूज आणि दुखणे यांपैकी काहीही दिसले, अथवा बीपी १८०/११०च्या पुढे गेले, तर रात्र असली तरी कॅज्युअल्टी गाठा. क्रिएटिनिन चढत असताना प्लेटलेटही घसरू लागल्या तर त्याचा वेगळा अर्थ असू शकतो, म्हणून या दोन आकड्यांवर प्रत्येक रिपोर्टमध्ये शेजारी शेजारी नजर टाका.

पुढच्या भेटीला जाताना बीपीची वही, उपचारापूर्वीचा लघवीचा रिपोर्ट आणि आईंच्या सर्व गोळ्यांची यादी सोबत न्या, आणि ऑन्कॉलॉजिस्टना विचारा की एकदा नेफ्रॉलॉजिस्टचे (किडनीतज्ज्ञांचे) मत घ्यावे का. मला वाटते, घ्यावे.